कोणाला परत जाता येते?

प्रिय,

तुझे पत्र आणि निबंधाचा मसुदा मिळाला. गेल्या शतकाच्या मध्यावर लिहिलेल्या कादंबऱ्यांतली समलिंगी माणसे घरात कमी आणि रस्त्यावर जास्त का दिसतात, हा तुझा प्रश्न नेमका आहे. त्यासाठी दहा पुस्तके चाळू नकोस; जेम्स बाल्डविनची १९५६ साली आलेली ‘जिओव्हानीज रूम’ घे आणि दोनदा वाच. दुसऱ्या वाचनाच्या वेळी पॅरिसचा नकाशा शेजारी ठेव आणि कोण, कुठे, कोणत्या वेळी चालतो आहे, ते समासात टिपत जा.

डेव्हिड हा अमेरिकन तरुण आणि बारमध्ये काम करणारा इटालियन जिओव्हानी यांची पहिली रात्र पॅरिसमधल्या ले आलच्या घाऊक बाजारात उजाडते. (हा बाजार १९६९ मध्ये शहराबाहेर हलवला गेला, त्यामुळे आजच्या नकाशात तो सापडणार नाही.) फुटपाथवर भाज्यांचे ढीग लागलेले असतात, कामगारांचा दिवस सुरू झालेला असतो, आणि त्याच गर्दीत ही मंडळी कालवे खात, व्हाइट वाइन पीत आपली रात्र संपवतात.

पण खरे थांबायचे ते चेरीच्या प्रसंगापाशी. किलोभर चेरी घेऊन दोघे रुंद फुटपाथवरून खात चालले आहेत, एकमेकांच्या तोंडावर बिया उडवत आहेत. तेवढ्यात समोरून एक अनोळखी मुलगा येतो आणि डेव्हिडच्या लक्षात येते की, जिओव्हानीबद्दल वाटते तेच आपल्याला याच्याहीबद्दल वाटले. इतक्या मोकळ्या क्षणी तो घाबरतो. या एका परिच्छेदावर तू दोन पाने लिहिलीस तरी चालेल. मग त्याच्याशेजारी जिओव्हानीची ती खोली ठेवून बघ: बाहेरच्यांची नजर आत येऊ नये म्हणून खिडकीच्या काचांना पांढरे पॉलिश जाडसर थापलेले, आणि भिंतीवरचा कागद अर्धवट फाडलेला.

रस्ता म्हणजे स्वातंत्र्य, असे तुझ्या मसुद्यात तीनदा आले आहे. ते खोड, असे मी आग्रहाने सांगेन. डेव्हिड भटकतो तेव्हा त्याच्या पाठीशी अमेरिका असते, वडील असतात, लग्नाचा बेत असतो. जिओव्हानीची नोकरी सुटते तेव्हा तोच रस्ता त्याला पोटासाठी तुडवावा लागतो, आणि त्याच्या हातून झालेल्या खुनानंतर पोलिसांना तो सापडतो तो सीन नदीकाठी बांधलेल्या एका बजऱ्यात. शहर दोघांचे एकच, पण परतीची वाट एकाकडेच आहे.

स्वतः बाल्डविन हार्लेममध्ये वाढलेला कृष्णवर्णीय लेखक. १९४८ मध्ये तो पॅरिसला आला आणि या कादंबरीची मुख्य पात्रे मात्र त्याने गोरी ठेवली. त्यावर घाईने निवाडा देऊ नकोस. डेव्हिड जिच्याशी लग्न करणार असतो ती हेला पॅरिसला परतल्यानंतरची प्रकरणे आधी नीट वाच, आणि जिओव्हानी कोणकोणत्या रस्त्यांवर दिसतो, ते टिपून मला पाठव.

तुझा,
जुना शिक्षक