अमेरिकेतून पाठवलेलं कुलमुखत्यारपत्र पुण्यात चालावं म्हणून काय करावं लागतं? अपोस्टिल पुरेल का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही न्यू जर्सीत राहता, कोथरूडचा फ्लॅट तुमच्या आणि भावाच्या नावावर आहे, तो विकायचाय आणि खरेदीखताला तुम्हाला येता येणार नाही. भावाला कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अटर्नी) द्यायचंय, पण अपोस्टिल करायचं की न्यूयॉर्कच्या भारतीय कॉन्सुलेटमधून साक्षांकन घ्यायचं हे कळत नाहीये. मी पुण्यात दस्तनोंदणीचं काम करते. परदेशातून आलेली कुलमुखत्यारपत्रं माझ्या टेबलावर सतत येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कायद्याने दोन्ही रस्ते उघडे आहेत. नोंदणी कायदा, १९०८ च्या कलम ३३ प्रमाणे भारताबाहेर राहणाऱ्या माणसाचं कुलमुखत्यारपत्र नोटरी, न्यायालय, न्यायाधीश, मॅजिस्ट्रेट किंवा भारतीय कॉन्सुल यांच्यासमोर सही होऊन साक्षांकित झालेलं असावं लागतं. पण तिथला नोटरी खरंच नोटरी आहे हे पुण्यातल्या दुय्यम निबंधकाला, म्हणजे दस्त नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याला, कसं कळणार? त्यासाठी अपोस्टिल असतं, म्हणजे तो नोटरी खरा असल्याचा तिथला सरकारी दाखला. १९६१ च्या हेग करारातली ही सोय भारताला १४ जुलै २००५ पासून लागू आहे आणि अमेरिकाही त्या करारात आहे.

मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. अपोस्टिल फक्त नोटरीची सही, त्याचा हुद्दा आणि शिक्का खरा असल्याचं सांगतं. आतल्या मजकुराबद्दल ते काहीच बोलत नाही. माझ्याकडे अडकलेली बहुतेक कुलमुखत्यारपत्रं शिक्क्यापायी अडकलेली नसतात, मजकुरापायी अडकलेली असतात. सुंदर सोनेरी सील असतं आणि आत फ्लॅटचा नंबर चुकलेला असतो. मग पुन्हा नोटरी, पुन्हा अपोस्टिल, पुन्हा कुरिअर, आणि तोवर खरेदीदाराचा धीर सुटतो. म्हणून सुरुवात पुण्यातून करा. इथल्या वकिलाकडून मसुदा करून घ्या. तो खरेदीदाराच्या वकिलाला दाखवा आणि खरेदीदार गृहकर्ज घेत असेल तर त्याच्या बँकेलाही. काही बँकांचे वकील कॉन्सुलेटच्या शिक्क्यावरच अडून बसतात, तेव्हा अपोस्टिल की कॉन्सुलेट हा निर्णय त्यांना विचारूनच घ्या. दुय्यम निबंधक कार्यालयातही भावाला एक चक्कर मारायला सांगा. तुमची सही हे सगळं झाल्यावर.

मसुद्यात सगळ्यात जास्त घोळ नावाचा होतो, विशेषतः बायकांच्या बाबतीत. इंडेक्स टूवर, म्हणजे नोंदणी झालेल्या व्यवहाराच्या सरकारी उताऱ्यावर, माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, पॅनवर मधलं नाव गाळलेलं. तिथला नोटरी त्याच्यासमोर ठेवलेल्या ओळखपत्रावरचं नाव बघतो, इथला अधिकारी इंडेक्स टूवरचं. तुमचं तसं असेल तर मसुद्यातच दोन्ही नावं लिहून ती एकाच व्यक्तीची असल्याचं नमूद करा आणि विवाह प्रमाणपत्राची प्रत जोडा. मिळकतीचं वर्णन, म्हणजे सर्व्हे किंवा सिटीएस (नगर भूमापन) नंबर, इमारत, मजला, क्षेत्रफळ, चतुःसीमा, मूळ करारातून जसंच्या तसं उतरवा. मसुदा इंग्रजीतच ठेवा, मराठी मजकुरावर शिक्का मारायला तिथला नोटरी कचरतो. तुमचे आणि भावाचे फोटो, तुमच्या अंगठ्याचा ठसा, प्रत्येक पानावर सही आणि दोन साक्षीदार हवेतच.

आणि ते विशेष कुलमुखत्यारपत्र असू द्या, फक्त या एका फ्लॅटपुरतं. सगळ्या मिळकतींचे सगळे अधिकार देऊ नका. तुमच्या वाट्याची रक्कम थेट तुमच्या एनआरओ खात्यात (अनिवासी भारतीयांचं इथलं रुपयांचं खातं) जाईल असं लिहा. भावावर अविश्वास दाखवल्यासारखं वाटेल म्हणून खूप जणी इथे गप्प बसतात. पण असं स्वच्छ लिहिलेलं असलं की उद्या नातेवाइकांत कुणी भावाकडे बोट दाखवू शकत नाही. कागद त्यालाही सांभाळतो.

आता तिथली बाजू. अपोस्टिल ज्या राज्याने नोटरीला नेमलंय त्याच राज्याकडून मिळतं. न्यू जर्सीतल्या नोटरीसमोर सही केलीत तर ते ट्रेंटनहून, राज्याच्या ट्रेझरी विभागाकडून येतं. नोकरी मॅनहॅटनमध्ये असेल आणि तिथल्याच नोटरीकडे गेलात, तर आधी काउंटी क्लार्कचा दाखला आणि मग न्यूयॉर्क राज्याचं अपोस्टिल, म्हणजे एक पायरी वाढते. ऑनलाइन नोटरीच्या वाटेला जाऊ नका, इथे शाईच्या सहीचा मूळ कागदच हातात लागतो. अपोस्टिलचं पान कुलमुखत्यारपत्राला टाचलेलं येतं. स्कॅन करायला ती पिन काढू नका, पान सुटं झालं की कागदावर शंका घ्यायला जागा मिळते.

इकडे कागद पोचला की मुद्रांक शुल्काचं काम असतं आणि ते लोक विसरतात. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम १८ प्रमाणे परदेशात सही झालेला दस्त राज्यात पहिल्यांदा आल्यापासून ३ महिन्यांच्या आत मुद्रांकित करून घ्यावा लागतो. सहीच्या तारखेपासून नव्हे, इथे पोचल्यापासून. म्हणून भावाला सांगा, कुरिअरचं पाकीट आणि पावती फेकू नकोस. विक्रीचे अधिकार सख्ख्या भावाला कोणताही मोबदला न घेता दिले असतील तर शुल्क ५०० रुपये आहे. परक्याला मोबदला घेऊन दिले तर थेट खरेदीखताइतकं शुल्क लागतं. म्हणून ‘सख्खा भाऊ’ आणि ‘विनामोबदला’ हे दोन्ही मसुद्यात स्पष्ट आलंच पाहिजे.

‘कुलमुखत्यारपत्रावरच विक्री उरकून टाकू, नोंदणी नको’ असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प प्रकरणात सांगितलंय की कुलमुखत्यारपत्राने मालकी जात नाही, नोंदवलेलं खरेदीखतच लागतं. त्या दिवशी भाऊ स्वतःसाठी आणि तुमच्या वतीने अशा दोन सह्या करील. शिवाय कुलमुखत्यारपत्र रद्द झालेलं नाही आणि ते देणारी व्यक्ती हयात आहे, असं घोषणापत्र त्याच्याकडून घेतलं जाईल. नोंदणीच्या वेळी तुमचा फोन चालू ठेवा. तुमची रात्र असेल, पण खरेदीदाराच्या वकिलाला कधीकधी तुमच्याशी दोन शब्द बोलून खात्री करून घ्यायची असते.