मागच्या अंगणात पत्र्याची शेड

प्रश्न : ऐरोलीतल्या आमच्या रो-हाउसमागे थोडी मोकळी जागा आहे. सायकली, कुंड्या, अवजारं ठेवायला 6 बाय 4 फुटांची शेड स्वस्तात कशी होईल?

उत्तर : तयार शेडपेक्षा जवळच्या फॅब्रिकेटरकडून सांगाडा करून घ्या. दीड इंची चौकोनी जीआय पाइप, म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी पाइप, वापरा. थर नसलेला काळा पाइप स्वस्त पडतो, पण खाडीच्या खाऱ्या हवेत लवकर गंजतो. जीआयचंही वेल्डिंगच्या जागी जस्त जळतं. तिथे झिंक प्रायमरचे दोन हात द्यायलाच लावा. बहुतेक शेड तिथूनच खचतात.

पत्रा 0.5 मिमीचा, रंगीत. समोर उंची 7 फूट, मागे 6, म्हणजे उतार पुरेसा मिळतो. पाणी शेजाऱ्याच्या भिंतीवर जाणार नाही एवढं पाहा. स्क्रू रबरी वॉशरसह पत्र्याच्या उंचवट्यावरच मारा, खोलगट भागात मारले की पहिल्याच पावसात गळती. जुना दरवाजा भंगारात मिळाला तर जरूर घ्या, जुना पत्रा मात्र नको, त्याला आधीची भोकं असतात.

जमिनीपासून 6 इंच उंच विटांचा ओटा हवा. आणि हो, काम सुरू करण्याआधी महापालिकेच्या विभाग कार्यालयात परवानगीचं विचारा. मागची मोकळी जागा बांधकामासाठी धरलेली नसते.