वाचक विचारतात: वॉटरगेट, निक्सन आणि न निवडलेला प्रेसिडेंट

प्रश्न: १९७२ ला अमेरिकेचा प्रेसिडेंट निक्सन ५० पैकी ४९ राज्यं जिंकून आला, मग दोन वर्षांच्या आत राजीनामा का द्यावा लागला? एका ऑफिसात घुसाघुशी झाली म्हणून एवढं? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: घुसाघुशीमुळे नाही हो, ती दाबायला गेला म्हणून. १७ जून १९७२ ची मध्यरात्र उलटून गेलेली, वॉशिंग्टनच्या वॉटरगेट बिल्डिंगमधे फ्रँक विल्स नावाचा सिक्युरिटी गार्ड राउंडवर होता, त्याला एका दाराच्या लॅचवर चिकटपट्टी लावलेली दिसली, म्हणजे दार ओढलं तरी लॉक लागू नये अशी. त्याने ती काढून टाकली. नंतर परत राउंडला आला तर तिथे पुन्हा पट्टी! मग त्याने सरळ पोलिसांना फोन लावला आणि विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाच्या ऑफिसात पाच जण रंगेहाथ सापडले, त्यातला जेम्स मॅकॉर्ड तर निक्सनच्याच निवडणूक कमिटीची सिक्युरिटी बघायचा. तरी नोव्हेंबरमधे लोकांनी निक्सनला भरभरून मतं दिली, फक्त मॅसॅच्युसेट्स आणि राजधानी वॉशिंग्टन हातून गेलं.

घोडं अडलं ते रेकॉर्डिंगवर. जुलै १९७३ मधे सिनेटच्या (म्हणजे वरच्या सभागृहाच्या) चौकशीत बटरफिल्ड नावाच्या माजी अधिकाऱ्याने सांगून टाकलं की प्रेसिडेंटच्या ऑफिसातलं बोलणं टेप होतं, मग विशेष सरकारी वकील कॉक्स यांनी त्या टेप्स मागितल्या, निक्सन देईना. २० ऑक्टोबरला, शनिवारी, त्याने ॲटर्नी जनरल (म्हणजे न्याय खात्याचे प्रमुख) रिचर्डसनना सांगितलं कॉक्सला काढा, त्यांनी नकार देऊन राजीनामा दिला, त्यांच्या खालचे रकल्सहाउस, ते पण नाही म्हणाले आणि गेले, शेवटी तिसऱ्या नंबरच्या बॉर्क यांनी ते काम केलं. मला विचाराल तर अख्ख्या प्रकरणातली ही संध्याकाळ सगळ्यात मोलाची, कारण वरून हुकूम आला असताना दोन माणसांनी खुर्ची सोडली पण सही केली नाही.

पुढे २४ जुलै १९७४ ला सुप्रीम कोर्टाने ८ विरुद्ध ० असा निकाल दिला की टेप्स द्याच, आणि या आठातले तीन न्यायाधीश खुद्द निक्सननेच नेमलेले! ऑगस्टच्या ५ तारखेला जी टेप बाहेर आली त्यात २३ जून १९७२ चं बोलणं होतं, म्हणजे चोर पकडल्यावर सहाच दिवसांत निक्सन आपल्या ऑफिसचा प्रमुख हाल्डेमन याच्याबरोबर ठरवतोय की गुप्तहेर खातं सीआयए, त्यांच्याकडून तपास करणाऱ्या एफबीआयला सांगायचं, हा तपास थांबवा. मग सगळंच संपलं. ७ तारखेला त्याच्याच पक्षाचे गोल्डवॉटर आणि आणखी दोन नेते भेटायला गेले, सिनेटमधे महाभियोगाच्या खटल्यातून सुटायला निदान ३४ मतं हवीत आणि तेवढी जमत नाहीत हे तोंडावर सांगून आले. ९ ऑगस्टला निक्सन गेला.

(आपल्याकडे निक्सन म्हटलं की १९७१ आणि बंगालच्या उपसागरात पाठवलेली सातव्या आरमाराची जहाजं आठवतात, तो राग माझ्याही मनात आहे, पण राजीनाम्याशी त्याचा संबंध नाही.)

प्रश्न: म्हणजे निक्सनवर महाभियोग झाला ना? (एक वाचक, पणजी)

उत्तर: नाही. हाउसच्या (म्हणजे खालच्या सभागृहाच्या) समितीने महाभियोगाची तीन कलमं मंजूर केली होती, पण पूर्ण सभागृहात मतदान व्हायच्या आधीच त्याने राजीनामा दिला.

प्रश्न: जेराल्ड फोर्ड निवडून न येता प्रेसिडेंट कसा झाला? आणि त्याने निक्सनला माफी दिली ते बरोबर होतं का? (एक वाचक, सांगली)

उत्तर: निक्सनचा व्हाइस प्रेसिडेंट अॅग्न्यू टॅक्सच्या केसमधे अडकून ऑक्टोबर १९७३ मधे गेला. अशी जागा रिकामी झाली तर प्रेसिडेंटने नाव सुचवायचं आणि दोन्ही सभागृहांनी मान्य करायचं ही सोय १९६७ च्या २५ व्या घटनादुरुस्तीत झालेली, तसा मिशिगनचा खासदार फोर्ड डिसेंबरमधे व्हाइस प्रेसिडेंट झाला आणि निक्सन गेल्यावर प्रेसिडेंट. या दोन्ही पदांवर बसूनही दोन्हींपैकी एकासाठीही निवडून न आलेला तो एकटाच. त्याने मग रॉकफेलरना व्हाइस प्रेसिडेंट केलं, तेही याच वाटेने, म्हणजे काही काळ देशातली वरची दोन्ही माणसं जनतेने न निवडलेली!

माफीबद्दल माझं मत स्पष्ट आहे, ती द्यायला नको होती, निदान तेव्हा तरी नाही. ८ सप्टेंबर १९७४ ला, राजीनाम्याला महिना होताच, कोर्टात आरोपपत्रही दाखल नसताना फोर्डने निक्सनच्या अख्ख्या कारकिर्दीतले केंद्रीय कायद्याखालचे सगळे गुन्हे माफ केले. त्याचा स्वतःचा प्रेस सेक्रेटरी टरहॉर्स्ट यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. फोर्डचं म्हणणं होतं की खटला वर्षानुवर्षं चालेल आणि देश त्यातच अडकून पडेल, आणि यात तथ्य आहे हे मी मानतो, २००१ मधे त्याला याच निर्णयासाठी केनेडींच्या नावाचा धैर्य पुरस्कारही मिळाला. पण हुकूम पाळणारे हाल्डेमन, निक्सनचा सल्लागार एर्लिकमन आणि माजी ॲटर्नी जनरल मिचेल जानेवारी १९७५ मधे दोषी ठरले, तुरुंगात गेले, आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलं तो कॅलिफोर्नियात घरी. १९७६ च्या निवडणुकीत फोर्ड कार्टरकडून २४० विरुद्ध २९७ इलेक्टोरल मतांनी (म्हणजे राज्यवार निवडलेल्या प्रतिनिधींच्या मतांनी) हरला, महागाई आणि बेकारी होतीच, पण माफीही त्याला भोवली असं मला ठाम वाटतं.