पाकिटातून तेल येत नाही, मग चिवडा मऊ का पडतो?

प्रश्न : लालबागला माझा घरगुती फराळाचा व्यवसाय आहे. प्लास्टिक नको म्हणून ‘शंभर टक्के सेल्युलोज’ असं सांगून विकली जाणारी पारदर्शक पाकिटं घेतली. मार्चमध्ये चिवडा मस्त कुरकुरीत राहिला, जुलैत मात्र काही दिवसांतच मऊ पडला. तेल जराही बाहेर आलं नाही. विक्रेत्याने फसवलं का? की यावर अजून संशोधनच व्हायचंय?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : तेल बाहेर आलं नाही हे लिहिलंत ते फार बरं केलंत. आमच्या चाचणी प्रयोगशाळेत तक्रारी यायच्या त्यात नेमकं हेच कोणी सांगत नसे.

सेल्युलोज म्हणजे कापूस, लाकूड यांच्या तंतूंतला मूळ पदार्थ. त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्यांवर हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) खच्चून भरलेले असतात. ते एकमेकांना घट्ट धरून बसतात, त्यामुळे कोरड्या हवेत या फिल्ममधून तेल आणि ऑक्सिजन सहजी जात नाहीत. पण त्याच गटांना पाण्याचीही तितकीच ओढ. जुलैत मुंबईची आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे असते; फिल्म ती वाफ पिते, फुगते आणि आतल्या पोह्यांपर्यंत पोचवते. म्हणजे विक्रेता खरं बोलला असेल तरी चिवडा मऊ पडणारच.

हे दुखणं जुनं आहे. स्विस रसायनतज्ज्ञ ब्रँडेनबर्गर यांचं सेलोफेन, म्हणजे सेल्युलोजचीच पारदर्शक फिल्म, दिसायला देखणं होतं, पण दमट हवेपुढे त्याचा टिकाव लागेना. १९२७ च्या सुमारास ड्यूपाँटमधल्या हेल चार्च यांनी त्यावर नायट्रोसेल्युलोज आणि मेणाचा अगदी पातळ लेप बसवला, तेव्हा कुठे ते खाऊच्या पाकिटांना खरं उपयोगी पडलं.

आजचं बरंचसं संशोधन याच लेपाभोवती फिरतंय. मधमाश्यांचं मेण, लाख, वनस्पतिजन्य मेदाम्लं असे पर्याय तपासले जात आहेत. कागदाला तेलकटपणा लागू नये म्हणून वापरली जाणारी फ्लोरिनयुक्त रसायनं निसर्गात वर्षानुवर्षं नष्ट होत नाहीत. त्यांच्या जागी नॅनोसेल्युलोजचा, म्हणजे सेल्युलोजच्या अतिसूक्ष्म तंतूंचा, थर देता येईल का, हाही मोठा विषय आहे. आपल्या माटुंग्याच्या ‘सिरकॉट’ या कापूस तंत्रज्ञान संस्थेत कापसापासून नॅनोसेल्युलोज करण्याचं काम चालतं. अडचण अशी, की ते बहुधा पातळ खिरीसारखं मिळतं, त्यात ९५ टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. ते सुकवण्यात वीज जाते, आणि भाव तिथेच चढतो. मासे शिळे झाले की रंग बदलणाऱ्या फिल्मही प्रयोगशाळेत झाल्या आहेत. त्यांचे फोटो सगळीकडे फिरतात, पण भाऊच्या धक्क्यावर दिसायला वेळ लागेल असं माझं मत.

आता तुमचं पाकीट. ते सीलिंग मशीनवर चिकटतं का? नुसतं सेल्युलोज उष्णतेने वितळत नाही, त्यामुळे सीलही होत नाही. चिकटत असेल तर त्यावर लेप आहे, तो कशाचा हे विचारा; पीव्हीडीसी या प्लास्टिकचा असेल तर ‘शंभर टक्के’ खोडायला लावा. एक लहान तुकडा गॅलरीत चिमट्यात धरून जाळून पाहा. कागदासारखी राख झाली तर सेल्युलोज, वितळून थेंब टपकले तर प्लास्टिक.

पावसाळ्यात चिवडा, चकली, शेव घट्ट झाकणाच्या काचेच्या किंवा पत्र्याच्या डब्यात द्या. लालबाग-परळच्या गिऱ्हाइकांना डबा परत आणायची सवय लावता येईल. सेलोफेन दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांसाठी ठेवा. पुढची ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याकडून वाफ किती झिरपते याचा आकडा लेखी घ्या, आणि तो ३८ अंश सेल्सिअस व ९० टक्के आर्द्रतेला मोजलेला आहे ना, ते बघा. पुष्कळ माहितीपत्रकांवर २३ अंश आणि ५० टक्क्यांचा आकडा छापलेला असतो. तो मुंबईच्या जुलैत तुमच्या काहीही कामाचा नाही.