वाचकांचे प्रश्न : तळ्याकाठची हिरवळ आरक्षित करताना

प्रश्न : आईवडिलांच्या लग्नाला ५० वर्षे पूर्ण होत असल्याने आम्ही भावंडांनी तळ्याकाठच्या उद्यानातील सार्वजनिक हिरवळ एका संध्याकाळपुरती आरक्षित केली आहे. पाहुणे साधारण १५० असतील. पावतीवर ‘सायंकाळी ५ ते ९’ एवढेच लिहिले आहे. मंडपवाल्याला मात्र दुपारी १२ पासून जागा हवी आहे आणि सामान दुसऱ्या दिवशी सकाळी उचलू, असे तो म्हणतो. हे चालेल का?

उत्तर : पावतीवरच्या वेळेत मांडणी आणि आवराआवर धरलेली आहे की नाही, हे कार्यालयात जाऊन आधी विचारा आणि मिळालेले उत्तर लेखी घ्या. तोंडी ‘या हो, बघू’ म्हणणारा कर्मचारी त्या दिवशी रजेवर असू शकतो. वेगळे काही लिहिलेले नसेल, तर पहिली खुंटी ठोकल्यापासून शेवटची खुर्ची गाडीत चढेपर्यंतचा सगळा काळ त्या चार तासांतच बसवायचा आहे, असे धरून चालावे. उभारणीत दोन तास आणि उतरवण्यात दीड तास गेला, तर आईवडिलांच्या वाट्याला अर्धा तास उरतो. तेव्हा एक तर वेळ वाढवून घ्या, नाही तर मंडपाचा आग्रह सोडून नुसत्या खुर्च्या मांडा. सामान रात्रभर ठेवण्याची परवानगी मिळाली, तरी राखण कोण करणार आणि सकाळी त्याच जागेवर दुसऱ्या कोणाचे आरक्षण आहे का, हे दोन्ही विचारून ठेवावे.

तुम्ही क्षेत्रफळाबद्दल काही विचारलेले नाही, पण फसगत बहुधा तिथेच होते. गोल टेबलांभोवती बसवायचे असेल, तर मधल्या वाटा धरून माणशी साधारण दीड चौरस मीटर जागा लागते, म्हणजे १५० पाहुण्यांना सुमारे २२५ चौरस मीटर. जेवणाची मांडणी, व्यासपीठ आणि जनरेटर यांची जागा त्याहून निराळी. शिवाय मंडपाचे दोर त्याच्या छपराबाहेर पसरलेले असतात. १० मीटर रुंद आणि २० मीटर लांब मंडप कागदावर २०० चौरस मीटरचा दिसतो, पण चारही बाजूंनी दोरांसाठी दोन-दोन मीटर सोडले की तो १४ गुणिले २४, म्हणजे ३३६ चौरस मीटर जमीन अडवतो. म्हणून आरक्षित भागाच्या सीमा टेप घेऊन प्रत्यक्ष मोजा आणि त्या वेळी मंडपवाल्यालाही बरोबर न्या.

त्याच फेरीत जमिनीखालून पाण्याचे नळ आणि विजेच्या तारा कुठून गेल्या आहेत, हे दाखवून घ्या. एका घरगुती समारंभात मी हे विचारायला विसरलो होतो. व्यासपीठाच्या कोपऱ्यावरची खुंटी नेमकी तुषार सिंचनाच्या नळीत गेली, आणि पाहुणे येण्याच्या सुमारास सतरंजीखालून पाणी वर येऊ लागले. पुढचा तासभर आम्ही यजमान मंडळी खुर्च्या उचलून कोरडी जागा शोधत होतो. दोष नळीचा नव्हता, मंडपवाल्याचाही नव्हता.

प्रश्न : आमच्या मंडळाच्या मेळाव्यासाठी आरक्षित केलेल्या हिरवळीवर खुंट्या ठोकण्यास मनाई आहे. मंडपवाला वजनावर मंडप उभा करतो म्हणतो. एवढ्याने भागते का?

उत्तर : भागते, पण वजन अंदाजाने ठरवून चालत नाही. पाण्याने भरलेले २०० लिटरचे पिंप २०० किलो भरते, तेच अर्धे भरले तर १००. उभारणीच्या घाईत पिंपे अर्धवट भरलेली राहणे ही नेहमीची गोष्ट आहे, त्यामुळे प्रत्येक पिंपाचे झाकण उघडून पाहावे. किती वजन पुरेल, हे मंडपाच्या आकारावर ठरते आणि ते तो बनवणाऱ्याच्या सूचनांतूनच घ्यायला हवे.

तळ्याकाठी याला विशेष महत्त्व आहे, कारण पाण्यावरून येणारा वारा अडवायला झाड नसते की भिंत नसते. मोठ्या जलाशयाकाठी दुपारी जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला पाण्यावरची गार हवा काठाकडे धावते. सूर्यास्ताच्या सुमारास हा वारा पडतो. म्हणजे दुपारच्या कार्यक्रमाला त्याचा जोर जास्त आणि संध्याकाळच्या कार्यक्रमाला कमी. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, हेही ध्यानात ठेवावे. मंडपाच्या पाण्याकडच्या बाजूला शोभेसाठी कापड लावले, तर ते शिडासारखे फुगते आणि खांबांना ओढते. ती बाजू उघडी ठेवावी. तळे दिसावे म्हणूनच तर ही जागा निवडलेली असते.

प्रश्न : मी रोज सकाळ-संध्याकाळ तळ्याभोवती फिरतो. हिरवळीवर समारंभ असला की आयोजक काठाची वाटही दोरी लावून बंद करतात आणि ‘आम्ही पैसे भरले आहेत’ असे सुनावतात. त्यांना तसा अधिकार असतो का?

उत्तर : पैसे हिरवळीच्या आखून दिलेल्या भागाचे आणि ठरावीक तासांचे भरलेले असतात. परवानगीपत्रात वाटेचा उल्लेख नसेल, तर वाट सर्वांची राहते. काठ, पाणी आणि समोरचा देखावाही सर्वांचाच राहतो. तुम्ही हुज्जत न घालता उद्यानाच्या रखवालदाराला परवानगीपत्राशी जोडलेला नकाशा दाखवायला सांगा. दोरी नकाशातल्या रेषेबाहेर असेल, तर ती मागे घेण्यास सांगणे हे त्याचे काम आहे.

आयोजकांची बाजूही मी पाहिली आहे. लहान मुले पाण्याकडे धावू नयेत, म्हणून पुष्कळदा दोरी बांधली जाते. मात्र पाण्याच्या बाजूला जबाबदार माणूस उभा करणे हा त्यावरचा खरा उपाय आहे, आणि तो माणूस ठरवून नेमलेला असावा. ‘सगळेच लक्ष ठेवतील’ म्हटले की कोणीच लक्ष ठेवत नाही.

प्रश्न : समारंभ पलीकडच्या काठावर असतो, तरी निवेदकाचा शब्द न् शब्द आमच्या गच्चीवर ऐकू येतो. एवढ्या लांबून हे कसे?

उत्तर : संध्याकाळी पाण्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असली, तर एरवी वर निघून जाणारा ध्वनी पुन्हा खाली वाकतो. पाण्याचा सपाट पृष्ठभाग तो फारसा शोषून घेत नाही आणि वाटेत आडोसाही नसतो. त्यामुळे जमिनीवर जो आवाज मध्येच विरला असता, तो तळ्यावरून स्पष्ट पोहोचतो. आयोजकांनी ध्वनिवर्धकांची तोंडे पाण्याकडे ठेवू नयेत, आणि दोन मोठे कर्णे लावण्यापेक्षा श्रोत्यांच्या जवळ लहान ध्वनिवर्धक अधिक संख्येने ठेवावेत. श्रोत्यांना तेवढेच ऐकू येते आणि गच्चीपर्यंत बरेच कमी जाते. ही अट परवानगीपत्रातच घालावी, असा अर्ज तुम्ही उद्यान कार्यालयाकडे करू शकता. तक्रारीपेक्षा असा नेमका अर्ज लवकर मार्गी लागतो.

प्रश्न : ऐन कार्यक्रमात पाऊस आला, तर मंडपात थांबणे सुरक्षित आहे ना?

उत्तर : नुसत्या सरीत थांबावे, विजा असतील तर थांबू नये. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणून ३० सेकंद म्हणजे वीज साधारण १० किलोमीटरवर आहे. अंतर एवढे किंवा याहून कमी असेल, तर पाहुण्यांना पक्क्या इमारतीत किंवा छत असलेल्या बंद मोटारीत हलवावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर येऊ नये. मंडप, एकटे झाड आणि पाण्याचा काठ या तिन्ही जागा टाळाव्यात. आरक्षण करतानाच जवळची पक्की इमारत त्या वेळी उघडी असते का आणि तिची किल्ली कोणाकडे असते, हे विचारून ठेवा.

प्रश्न : मागच्या वेळी हिरवळीचे नुकसान झाल्याचे सांगून आमची अनामत रक्कम कापली गेली. या वेळी काय काळजी घ्यावी?

उत्तर : जागा ताब्यात घेताना आणि परत देताना त्याच चार-पाच ठिकाणी उभे राहून छायाचित्रे काढा आणि शक्यतो कर्मचाऱ्याला बरोबर घ्या. हिरवळीचे खरे नुकसान बहुतेक वेळा पाहुण्यांच्या पायांनी होत नाही, ते ओल्या जमिनीवर आणलेल्या टेम्पोच्या चाकांनी होते. माती दाबली गेली की मुळांना हवा मिळत नाही आणि चाकोरीपुरते गवत पुढे कित्येक आठवडे पिवळे राहते. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल, तर गाडी रस्त्यावरच उभी करून सामान हातगाडीने आणावे. भांडी विसळलेले साबणाचे आणि खरकटे पाणी तळ्याकडे उतरू देऊ नये, कारण त्यातल्या पोषक द्रव्यांवर शेवाळ माजते. ते पाणी पिंपात साठवून परत न्यायचे, हे जेवणाच्या ठेकेदाराशी आधीच बोलून ठेवा, म्हणजे रात्री साडेनऊला पिंपे कुठे रिकामी करायची यावरून वाद होणार नाही.