ताप चढताना अंग गरम असूनही थंडी का वाजते?

कारण त्या वेळी मेंदूने शरीराचं ठरलेलं तापमानच वर नेलेलं असतं, आणि त्या नव्या आकड्याच्या मानाने शरीर अजून थंडच असतं. हे ठरवतो मेंदूतला हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग. जंतू शिरल्यावर पांढऱ्या पेशी इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ अशी प्रथिनं सोडतात. त्यांच्यामुळे हायपोथॅलॅमसमध्ये प्रोस्टाग्लँडिन ई२ हे रसायन वाढतं आणि ३७ अंशांचं लक्ष्य समजा ३९ वर जातं. आता ३७.५ वर असलेलं शरीर ‘दीड अंश कमी पडतोय’ असं धरून कामाला लागतं. त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून कपाळ तापलेलं पण हातपाय गार लागतात. स्नायू थरथरून उष्णता तयार करतात, तीच हुडहुडी. ३९ गाठलं की थंडी थांबते. पुढे लक्ष्य खाली आलं की सगळं उलट: रक्तवाहिन्या रुंदावतात, दरदरून घाम फुटतो. पॅरासिटामॉल घेतल्यावर घाम येतो तोही यामुळेच, ते प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती कमी करतं. (शरीरक्रियाशास्त्राच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात तापमान-नियंत्रणाच्या प्रकरणात हे मिळेल.)

मात्र उष्माघाताला हे लागू नाही, आणि नेमकी इथेच गल्लत होते. तिथे लक्ष्य ३७ च राहतं. शरीराला उष्णता बाहेर टाकता येत नाही म्हणून तापमान चढतं. त्यामुळे पॅरासिटामॉल कामाचं नाही, अंग बाहेरूनच ताबडतोब थंड करावं लागतं.