वकीलबाई, एक विचारू का? : ‘डिलीट करा’ म्हणणाऱ्याकडे कागद मागा

प्रश्न : जुळे सोलापुरात आमची ४२ घरांची सोसायटी आहे. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, उन्हाळ्यात टँकर. यंदा मे महिन्यात टँकर गेटवर यायचा आणि ठरावीक दोन विंगांच्या टाक्या भरून निघून जायचा. मी खिडकीतून व्हिडिओ काढला. भाच्याने त्याला सिनेमातलं गाणं लावलं, वर ‘पाण्यातही पैसे खाणारे’ असं लिहिलं. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला (ॲडमिन मीच) आणि रील म्हणूनही टाकला. दुसऱ्या दिवशी रील गायब. संध्याकाळी एका कार्यकर्त्याचा फोन : ‘काकू, ग्रुपवरचा पण काढा. उगं सायबरला दिलं तर ६६ अ लागतंय. पोरगा नोकरीला आहे ना तुमचा?’ मी घाबरून काढला. मग ग्रुपवरच्या एका सभासदाने त्या माणसाला वाट्टेल ते लिहिलं. आता तेही माझ्या अंगावर येणार का? आणि या देशात बोलायला बंदी आहे की नाही, ते एकदा सांगून टाका.
— शिलाईचा क्लास चालवणाऱ्या एक काकू

उत्तर : काकू, फोनवरच्या त्या माणसाने ज्या कलमाने तुम्हाला घाबरवलं, ते कलम मेलेलं आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवलं. ‘त्रास’, ‘गैरसोय’, ‘अतिशय आक्षेपार्ह’ असे ढिले शब्द होते त्यात आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेल्यावर मुंबई बंद झाली, त्यावर पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. तिला अटक झाली. तिच्या मैत्रिणीलाही झाली, कारण तिने ती पोस्ट लाइक केली होती! त्यानंतर श्रेया सिंघल नावाची कायद्याची विद्यार्थिनी न्यायालयात गेली आणि कलम पडलं.

कलम मेलं तरी त्याचं भूत फिरत राहिलं. २०१७ साली साखर पेठेतला एक विशीचा पोरगा माझ्या टेबलासमोर रडत बसला होता. यंत्रमागावर कामाला, हाताला अजून सुताचे धागे चिकटलेले. एका पोलीस ठाण्यातून त्याला बोलावणं आलं होतं आणि कागदावर चक्क ६६ अ. मी त्याच्याबरोबर गेले, निकालाची प्रत टेबलावर ठेवली. तिथल्या साहेबांनी ती शांतपणे वाचली, चहा मागवला आणि म्हणाले, ‘मॅडम, आमच्या फॉर्मॅटमध्ये अजून तेच आहे.’ वाईट माणूस नव्हता. पण त्या चहाची चव अजून माझ्या तोंडात आहे. पुढे जुलै २०२१ मध्ये हे कलम अजून लागतंय हे ऐकून सर्वोच्च न्यायालयालाही धक्का बसला, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नका, असं पुन्हा बजावावं लागलं. मग तुमच्या कार्यकर्त्याला काय दोष द्यायचा?

माझा एकच सल्ला असतो, पक्षकारांना तोंडपाठ झालाय. ‘डिलीट कर’ म्हणणाऱ्याला म्हणा, लेखी द्या. कुठलं कलम, कुणाची तक्रार, कुणाचा हुकूम, खाली सही. ज्याच्या हातात खरोखर कायदा असतो तो कागद देतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे अटक करायची गरज नसेल तर पोलिसांनी चौकशीला हजर राहण्याची नोटीस द्यायची असते. ज्याच्या हातात काहीच नसतं तो मुलाच्या नोकरीची चौकशी करतो. तुमचा व्हिडिओ कायद्याने काढला नाही, तुमच्या अंगठ्याने काढला. रागावू नका, मीही घरातल्या ग्रुपवर दहा वेळा लिहून खोडते.

आता रीलचं. भाच्याला बोलवा आणि ॲपवर आलेला संदेश त्याच्याकडून नीट वाचून घ्या. तुम्ही मला पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये तळाला बारीक अक्षरात लिहिलंय की ध्वनीचा हक्क दुसऱ्या कंपनीचा आहे. म्हणजे तिथे ना सरकार आलं, ना कार्यकर्ता. गाण्याची कंपनी आली! गाणं काढा, टँकरच्या मोटरचा आवाज ठेवा, पुन्हा टाका. मोटरचा आवाजच जास्त बोलतो.

तसं नसतं आणि ॲपने तुमचं म्हणणं आवडलं नाही म्हणून रील काढलं असतं, तर? घटनेच्या कलम १९(१)(अ) मध्ये मिळालेलं बोलण्याचं स्वातंत्र्य मुख्यतः सरकारविरुद्धचं आहे. कंपनी तिच्या अटी पुढे करते, ज्यांवर आपण न वाचता ‘मान्य’ दाबलेलं असतं. तरी तिथेही कागद मागता येतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक मोठ्या ॲपला तक्रार अधिकारी नेमावा लागतो आणि तक्रारीची पोच २४ तासांत द्यावी लागते. त्याचं उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं. बरेच लोक तिथवर पोहोचतच नाहीत, चिडून नवं खातं उघडतात.

तुमच्या मजकुरात मला खटकली ती वरची ओळ. टँकर दोन विंगांना पाणी देतोय हे डोळ्यांनी दिसतं, कॅमेऱ्यात आहे, तारीख-वेळ आहे. ‘पैसे खाणारे’ हे तुम्ही पाहिलंय का? पावती, देवाणघेवाण, काही? नसेल तर बदनामीचं कलम तुमच्याकडे बघतंय. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, जुन्या दंड संहितेचं ४९९-५००, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. ती जुनी कलमं सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये कायम ठेवली, म्हणजे हे कलम मेलेलं नाही. पण ते अदखलपात्र आहे, म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. तक्रारदाराला स्वतः कोर्टाची पायरी चढावी लागते. आणि सत्य असेल, लोकहितासाठी सांगितलं असेल, तर तो बचाव कायद्यातच लिहिलाय. म्हणून ओळ बदला : ‘१४ मे, सकाळी ७.१०, ए आणि बी विंगला पाणी, सी-डी कोरड्या. का?’ शेवटचा ‘का’ फार कामाचा. त्यावर खटला भरायला माणसाला आधी उत्तर द्यावं लागतं.

ॲडमिनचं थोडक्यात : मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदियाच्या एका प्रकरणात सांगितलं की सभासदाने टाकलेल्या मजकुरासाठी ॲडमिन केवळ ॲडमिन आहे म्हणून गुन्हेगार ठरत नाही, दोघांचा सामाईक इरादा दिसला पाहिजे. त्या सभासदाला ‘वा वा’ केलं नसेल, तर झोपा निवांत.

बंदी आहे की नाही? आहे, पण घटनेच्या १९(२) मध्ये मोजून दिलेल्या कारणांसाठी : देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, बदनामी, न्यायालयाचा अवमान, गुन्ह्याला चिथावणी अशी. ‘साहेबांना राग आला’ हे कारण त्या यादीत नाही.

इथे माझ्याच सल्ल्याला ठेच लागते, तेही सांगते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्याच कलम ६९ अ खाली केंद्र सरकार एखादी पोस्ट किंवा अख्खं खातं देशात दिसेनासं करू शकतं. २०१५ च्या त्याच निकालात न्यायालयाने हे कलम टिकवलं. का, तर कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि त्या आधारे उच्च न्यायालयात दाद मागता येते. ऐकायला छान. पण या कलमासाठीच्या २००९ च्या नियमांतला १६ वा नियम म्हणतो, सगळं गुप्त ठेवा. म्हणजे कागद आहे, पण ज्याचं तोंड बंद झालं त्यालाच तो दिसत नाही. चार हुतात्म्यांच्या गावात बसून मला हे पचत नाही. १९३० च्या मे महिन्यात सोलापूरवर मार्शल लॉ लादला गेला, १२ जानेवारी १९३१ ला चौघांना येरवड्यात फाशी झाली. तो जुलूमच होता, पण तोंड कोण दाबतंय हे तेव्हा अख्ख्या गावाला ठाऊक होतं. इंटरनेट बंद करण्याचे हुकूम प्रसिद्ध केलेच पाहिजेत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये काश्मीरच्या प्रकरणात सांगितलं. मग एका माणसाचं खातं बंद करताना त्याला हुकूम दाखवायला काय हरकत आहे, याचं पटेल असं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

प्रश्न : तुम्ही सगळ्यांना बोलू द्या म्हणता. मोबाइलवर अफवांचा नुसता चिखल आहे. ज्याला त्याला लगाम नको का?
— एक निवृत्त एसटी कंडक्टर, मंगळवेढा

उत्तर : मामा, तुमच्या तालुक्यातून हा प्रश्न आला म्हणून दोनदा वाचला. १ जुलै २०१८, रविवार, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा, आठवडी बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ‘पोरं पळवणारे’ समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. त्यांच्यातले मंगळवेढ्याकडचे होते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. त्या दिवसांत मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा मोबाइलवरून गावोगाव फिरत होती.

त्यामुळे ‘बोलू द्या’ म्हणताना माझी जीभ अडखळते, खोटं कशाला सांगू. पण लगाम कुणाच्या हातात द्यायचा? खोटी अफवा पसरवून भीती माजवणाऱ्यासाठी न्याय संहितेत ३५३ आहे, जमाव चिथावणाऱ्यासाठी वेगळी कलमं आहेत. कायदा कमी नव्हता, त्या खोलीच्या दारात वेळेवर पोहोचणारे पोलीस कमी पडले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. हा लगाम मला पटतो, कारण तो वेगाला आहे, तोंडाला नाही.

उलट सरकारने २०२३ मध्ये नियम आणला की सरकारी कामकाजाबद्दल काय खोटं हे सरकारचाच कक्ष ठरवेल. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये तो रद्द केला. मामा, तिकीट तपासणीस कधी कंडक्टरच्या मर्जीने नेमला होता का?

प्रश्न : मॅम, शिष्यवृत्तीचे पैसे उशिरा येतात यावर मीम केलं. कॉलेजवाले म्हणतात, माफीनामा लिहून दे नाहीतर परीक्षेला बसू देणार नाही. लिहू का?
— एक बी.कॉम.चा विद्यार्थी

उत्तर : आज लिहू नकोस. अर्ज कर : ‘मी कुठला नियम मोडला, तो नियमाच्या क्रमांकासह लेखी कळवावा.’ दोन प्रती, एकीवर आवक शिक्का आणि तारीख घे. क्लार्क ‘नंतर ये’ म्हणाला तर तिथेच बस, डबा बरोबर ने. परीक्षेची तारीख जवळ आली आणि उत्तर नाही, तर ती शिक्क्याची प्रत घेऊन माझ्याकडे ये. फी नको, शेंगाचटणी आण.

मीम बघितलं. हसले. फक्त ‘शिष्यवृत्ती’तला ‘शि’ ऱ्हस्व असतो रे बाबा, तू दीर्घ काढलास. तेवढं नीट कर.